शाईचा थर

मस्कतहून सुट्टीवर आलेल्या गुरुदासने दोन छोटे सीडी प्लेअर आणले होते. एक घरात ठेवायचा, दुसरा मेव्हण्याला द्यायचा. निवड करायला त्याने पखवाजाच्या पुडीवर काळ्या शाईचे थर भरणाऱ्या बाबलकाकांना बोलावलं आणि एकच भजन दोन्हींवर लावलं.

"बरो वाजता," पहिला ऐकून काका म्हणाले.

दुसरा सुरू झाला आणि ते ताडकन उठून उभे राहिले.

"हो पखवाज माझ्या हातचो! मुंबैच्या बुवांनी नेललो. शाईचो एक थर मी कंटाळान कमी दिललंय. आजवर कोणाक कळूक नाय, आणि हेच्यात आयकाक येता!"

"मगे खयचो ठेवू?"

काकांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मग हलकेच म्हणाले, "म्हणजे देवाकय आयकाक येत असतला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते देवळातल्या पखवाजाची, त्यांनीच भरलेली सगळी शाई खरवडून काढत बसले होते.