सरांची पहिली फेरी

तुस्कानो सर बँकेत नोकरी करायचे आणि रविवारी वसईच्या खाडीवर आम्हा सी कॅडेट मुलामुलींना हौसेनं, बिनपगारी शिकवायचे. होडीत मात्र ते कधीच चढत नसत.

एका रविवारी आम्हाला होडीतून नेणारे दुसरे सर आले नाहीत. मोठ्या माणसाशिवाय होडी सोडता येत नव्हती. आमच्यातल्या शमिकानं विचारूनच टाकलं, "सर, तुम्हीच चला ना! तुम्ही होडीत का बसत नाही कधी?"

"मला पाण्याची भीती वाटते गं," सर हळूच म्हणाले.

कुणी हसलं नाही. शमिकानं त्यांना लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि हात धरून होडीत बसवलं.

वल्ही मारत आम्ही खाडीच्या मध्यावर पोचलो, तेव्हा कुठे सरांनी डोळे उघडले.

"आपला धक्का इथून एवढासा दिसतो?" ते म्हणाले. "अजून जरा पुढे न्या रे!"