चाकाखालचा दगड

रेल्वेतले निवृत्त गार्ड विश्वेश्वरआप्पा घाटनांदूरच्या गल्लीत थांबलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली दगड लावायचे. लोक हसायचे. तीस वर्षांपूर्वी स्टेशनात उभा केलेला त्यांचा डबा उतारावर घरंगळला आणि रुळावर काम करणारा गँगमन बजरंग त्याखाली चिरडला गेला. डबा उभा करताना त्यातलं हातब्रेकचं चाक सात फेरे आवळावं लागायचं. चौकशीत आप्पांनी सात फेरे दिल्याचं सांगितलं होतं. आज बजरंगची बायको सुंदरबाई चाकांच्या खुर्चीत बसून दारात आली. आप्पांनी सवयीनं खुर्चीलाही दगड लावला. "आप्पा, हिला बिरेक हाय की," खुर्ची ढकलणारी लेक म्हणाली. सुंदरबाई दगडाकडं बघत राहिली. "बिरेक तवाबी व्हता. भाऊजी, त्या दिवशी फेरे किती दिलते?" सात म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं. हात मात्र आपोआप उठले आणि हवेतलं चाक आवळू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. हात तिथंच थांबले.