पाच हजार पाहुण्या

टेबलाखाली काका. दाराआड आत्या. काकांची एकच चप्पल पायरीवर. अंगणाच्या मधोमध बाबा, दोन्ही हात पसरून, श्वास रोखून.

हे सगळं बाबांनीच ओढवून घेतलं होतं. "माश्या पाळणाऱ्याला मुलगी द्यायची? आधी त्याचं काम डोळ्यांनी बघतो, मग आजच काय ते हो किंवा नाही सांगतो," असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून माझा मधपाळ एक भरलेली पेटी घेऊन घरी आला. त्यानं झाकण उघडलं आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या माश्या उठून थेट बाबांच्या कोटावर जाऊन बसल्या.

"अजिबात हलू नका, काका," तो बाबांना म्हणाला. त्यानं उघड्या हातांनी कोट माश्यांसकट अलगद उतरवला आणि आतली बाजू खाली करून उघड्या पेटीवर अंथरला. हळूहळू सगळ्या आत गेल्या. एकही कुणाला चावली नाही.

"एवढे जण असताना मलाच का रे धरलं?" बाबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"त्यांना माणूस कळतो. एवढा मान त्या फक्त राणीला देतात."

बाबांची छाती फुगली. टेबलाखाली वाकून ते काकांना म्हणाले, "ऐकलंस ना? आता बाहेर ये, लग्नाची तारीख ठरवायची आहे."



आदल्या संध्याकाळी आईनं माझ्या मधपाळाकडून त्या पेटीतली राणीमाशी जाळीच्या डबीत मागवून घेतली होती आणि बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती.