कपाटाच्या दारावरची यादी

बाळ वर्षाचं झाल्यावर ती कामावर परतली आणि पहिल्याच दिवशी डेटाबेसशी जोडून देणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम अडून बसला. त्याला लागणारी लायब्ररी फाइल संगणकात असूनही स्क्रीनवर एकच तुणतुणं: लायब्ररी सापडत नाही. दुपारपर्यंत तिची खात्रीच पटली, आपल्या डोक्याला गंज चढलाय. डोळे पुसून ती मॅडमसमोर उभी राहिली. “मला नाही जमणार आता. राजीनामा देते.” मॅडमनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला वेगवेगळ्या अक्षरांत मार्करने लिहिलं होतं: ‘दोन दिवस.’ ‘आठवडा, शिवाय ताप.’ सगळ्यांत वर मॅडमचं अक्षर: ‘तीन दिवस. दोनदा रडले.’ “हा ड्रायव्हर कुणालाच सोडत नाही गं. तो लायब्ररी शोधतोय कुठे, ते पाहिलंस?” तिने जागेवर जाऊन पाहिलं. मेला जुन्याच फोल्डरात चाचपडत होता! नव्या फोल्डरचा पत्ता देताच डेटाबेस जोडला गेला. धावत येऊन तिने तळाशी लिहिलं: ‘चार तास. एकदाच रडले.’