ओला टॉवेल

मोडत्या संसारावरचा सिनेमा अस्सल उतरावा म्हणून दिग्दर्शकाने घटस्फोटाचा दावा लावलेलं खरंखुरं जोडपंच नायक-नायिका म्हणून घेतलं. पण भांडणाचा प्रसंग आला, की दोघं पोट धरधरून हसायची. एकेचाळीस टेक झाले, कॅमेऱ्यालासुद्धा घाम फुटला.

“अहो, पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून कुणी सात पिढ्यांचा उद्धार करतं का?” नायिकेने दिग्दर्शकाला विचारलं आणि डोळे पुसत नवऱ्याकडे वळली. “या सिनेमातल्या नवरा-बायकोपुढे आपलं किती बरं चाललंय, नाही का रे?”

नवऱ्याने तिथूनच वकिलाला फोन लावून दावा मागे घेतला, आणि सिनेमा अर्धवट टाकून दोघं हातात हात घालून पळाली.



हिरमुसलेल्या दिग्दर्शकाने घरी येऊन वही उघडली, आणि या खेपेला आणखी जळजळीत संवाद मिळावेत म्हणून बायकोच्या देखत ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला.