चार बोटं

बुंध्यावरची लाल खडूची फुली पाहून ताई जागीच थांबल्या. "काका, ही कशाची खूण?"

माळीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. नाताळ होऊन आठवडा झाला होता. सणासाठी भाड्याने गेलेली झाडं कुंड्यांसकट रोपवाटिकेत परत येत होती. लहान झाडं सावलीत जायची, पुढच्या वर्षीसाठी. घराच्या छताला टेकायला लागलेली झाडं मागच्या यंत्रात जायची आणि त्यांचा चुरा नव्या रोपांच्या मुळाशी पसरला जायचा. सतरा नंबरचं हे झाड कालच ताईंच्या घरून परत आलं होतं. त्याच्यावर फुली काकांनीच मारली होती.

"आज हे झाड वाढवायचंय, ताई."

तोडलं, कापलं असले शब्द काकांना सहन होत नसत. फुटलेली बांगडी वाढवली म्हणतात, तसंच त्यांच्याकडे झाडसुद्धा वाढवलं जायचं. यंत्रावरचा माणूस हसायचा. "वाढवून वाढवून पार भुगा केला की हो काका!" काका त्याच्याकडे लक्ष देत नसत.

ताईंना हा शब्द माहीत होता. त्यांनी फांद्या बाजूला केल्या आणि बुंध्याला बांधलेल्या लाल लोकरीच्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"यंदा हा वर गेला नाही," त्या म्हणाल्या. "मी मोजून पाहिलं. तेवढंच सांगायला आले."

तो दोरा टिल्लूने बांधला होता. टिल्लू म्हणजे ताईंची लेक. तेव्हा वय वर्षं पाच, उंचीने बेताची आणि तोंडाने मोठी. सात वर्षांपूर्वी झाड निवडायला ती आईबरोबर आली, तेव्हा काकांनी नेहमीची गोष्ट सांगायला घेतली होती. पूर्वी म्हणे कुठेकुठे हे झाड छताला टांगायचे. त्यावर सफरचंदं लावायचे. पुढे मेणबत्त्या आल्या, आणि आग लागू नये म्हणून शेजारी पाण्याची बादली. टिल्लूने त्यांना मध्येच अडवलं. "छताला टांगल्यावर ते वाढणार कुठे?" मग तिने डोक्याच्या उंचीवर बुंध्याला दोरा बांधला आणि झाडाला दम दिला, "पुढच्या वर्षी बघू, तू जास्त वाढतोस की मी!"

काका मनात हसले होते. झाड वाढतं ते शेंड्याकडून. बुंध्यावरची खूण जिथल्या तिथे राहते. पैज पोरगीच जिंकणार होती. हे गुपित त्यांनी पुढच्या वर्षी तिच्या तोंडावरची मजा बघायला राखून ठेवलं.

पुढच्या वर्षी ताई एकट्याच आल्या. तापाचं निमित्त झालं होतं, चार दिवसांत सगळं आटोपलं होतं. त्यांनी सतरा नंबरच मागितलं आणि हळूच विचारलं, "दोरा किती वर गेला असेल हो, काका?"

खरं सांगायला काकांची जीभ उचलेना. झाड पोचवण्याआधी त्यांनी दोरा सोडला, चार बोटं वर नेला आणि पुन्हा बांधला. एवढ्या वयाचं पोर वर्षाला तेवढंच वाढतं, असा त्यांचा अंदाज होता. एकदा केलं ते दरवर्षी करावं लागलं. सहा वर्षं. दर वेळी ताई दोऱ्याकडे बघायच्या, काही न बोलता झाड ठेवून घ्यायच्या, आणि काकांना चोरी केल्यासारखं वाटायचं. म्हणून काल झाडाची उंची पाहून ते सुटल्यासारखे झाले होते. झाडच राहिलं नाही की खोटंही राहणार नव्हतं.

आता सुटका नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ताई, मी तुम्हाला फसवलं. दोरा आपोआप वर जात नाही. शंभर वर्षं गेली तरी जायचा नाही. मीच सरकवत होतो. यंदा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, झाड दुसऱ्यांनीच पोचवलं. त्यांना काय माहीत! तुम्ही हवं ते बोला मला."

ताई दोऱ्याची गाठ चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, काका. टिल्लूला बुटाच्या नाडीची तेवढी एक गाठ यायची. एक कान लांब, एक आखूड. ही गाठ तुमची आहे."

काकांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"घरात तिचे कपडे तेवढेच, चपला तेवढ्याच, फोटोही तेवढेच. आम्ही सगळ्यांनी तिला पाच वर्षांचीच ठेवली. मीसुद्धा. वाढत होती ती फक्त या दोऱ्यावर." ताईंचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "यंदा बारा वर्षांची झाली असती ती."

मागे यंत्र सुरू झालं. यंत्रावरच्या माणसाने तिकडून हाक मारली, "काका, सतरा नंबर आणू का?"

ताईंनी काकांचा हात धरला आणि दोऱ्यावर नेऊन ठेवला.

"झाड वाढवा, काका. पण आधी तिला वाढवा."