आता अडकणार नाही

"बघ, बटण दाबलं की सुरू!" म्हाताऱ्यानं टेबलावरचा लॅपटॉप बायकोकडे वळवला. पूर्वी हे धूड सुरू होईपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळूनसुद्धा व्हायचे.

दुरुस्तीवाला म्हणाला होता, "नवा कशाला घेता काका? रॅम दुप्पट करू, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू. नव्याच्या पाव किमतीत नुसता पळेल. आता अडकला तर माझं नाव बदला!"

बायकोचा मात्र पहिल्यापासून विरोध. "कशाला उगाच? अडकतो तर अडकू दे." एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, हिला काय कळणार, म्हणून म्हाताऱ्यानं तिचं बोलणं उडवून लावलं.

मुलगा दूर देशी. बोलताना ऐन मुद्द्यावर माशी शिंकायची. "कधी येतोस?" विचारलं की स्क्रीनवर त्याचा चेहरा थिजायचा. मग म्हातारा लॅपटॉपला लाखोली वाहत, कीबोर्डात डोकं घालून बटणं बडवत बसायचा. तेवढ्यात कॉल कटायचा. दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा, "बाबा, तुमचा लॅपटॉप फार अडकतो हो."

आज एकच गोष्ट विचारायची होती. गुरुवारी तिच्या उरल्यासुरल्या डोळ्याचं ऑपरेशन. सोबत कोणी धडधाकट माणूस हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि म्हाताऱ्याला स्वतःलाच जिना चढताना धाप लागायची.

कॉल लागला. "अरे वा बाबा, काय स्वच्छ दिसताय!"

"दिसणारच! रॅम दुप्पट केलीय," म्हाताऱ्याची छाती फुगली. मग तब्येत झाली, हवापाणी झालं. शेवटी त्यानं धीर करून विचारलं, "सोन्या, गुरुवारी आईचं ऑपरेशन. येशील ना रे?"

मुलगा थिजला. तोंड अर्धवट उघडं, पापणीही लवेना.

म्हाताऱ्याचा हात सवयीनं कीबोर्डकडे गेला आणि थांबला. मशीन तर ठणठणीत होतं. मग त्यानं पहिल्यांदाच मान वर करून नीट पाहिलं. मुलाच्या मागे गॅलरीत दोरीवर लाल टॉवेल होता. तो वाऱ्यावर मजेत फडफडत होता.

लहानपणी शाळा बुडवायला हा असंच झोपेचं सोंग घ्यायचा. तेव्हा किती हसू यायचं! मग कॉल कटला.

आता हिला काय सांगायचं? हाय खाईल बिचारी. "च्यायला, अडकला गं पुन्हा. त्या दुरुस्तीवाल्यानं चक्क गंडवलं आपल्याला."

तिनं चाचपडत लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"त्या बिचाऱ्याला नका नावं ठेवू," ती म्हणाली. "अंधुक दिसतं हो मला, पण टॉवेल हललेला दिसतो. मागच्या खेपेला चादर वाळत होती, तीही हलत होती. म्हणून तर म्हणत होते, अडकतो तर अडकू दे."